गॅस गीझर कधी पेटतो, कधी नाही: सुटे भाग बदलण्याआधी काय पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षं वापरात असलेला, सिलिंडरवर चालणारा गॅस गीझर. सकाळी गरम पाण्याचा नळ उघडला की नुसती टिकटिक होते, गीझर पेटत नाही. नळ बंद करून पुन्हा उघडला की तिसऱ्या-चौथ्या खेपेला पेटतो. कधी पहिल्याच खेपेला पेटतो, पण आठ-दहा सेकंदांत विझतो. संध्याकाळी मात्र बहुतेक वेळा नीट चालतो. सेल दोनदा बदलून झाले. मेकॅनिक म्हणतो, सर्किट गेलंय. आणि अगदी शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की परवा पेटताना 'भप्प' असा मोठा आवाज झाला.

मी बावीस वर्षं ही यंत्रं दुरुस्त करतोय. माझ्यासाठी तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटचीच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'भप्प' झालं याचा अर्थ गॅस आधी आला आणि तो उशिरा पेटला. मधल्या एक-दोन सेकंदांत पेटीच्या आत गॅस साठला आणि मग सगळा एकदम पेटला. आज नुसता आवाज झाला. उद्या ज्योत समोरच्या खिडकीतून किंवा खालून बाहेर येऊ शकते. नेमकं त्याच वेळी 'पेटला का' हे बघायला माणूस वाकून तोंड जवळ नेतो. भुवया आणि पुढचे केस जळालेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा हा दोष सापडेपर्यंत आंघोळीसाठी गीझर वापरू नका. तपासणीपुरता लावायचा तेव्हा हातभर लांब, बाजूला उभं राहून लावा. आणि ते 'तिसऱ्या-चौथ्या खेपेला पेटतो' म्हणून भराभर नळ उघड-बंद करणं आजपासून थांबवा. प्रत्येक फसलेल्या खेपेत थोडा गॅस न जळता बाहेर पडतो. एलपीजी हवेपेक्षा जवळजवळ दीडपट ते दुप्पट जड असतो, तो वर उडून जात नाही, खाली जमिनीलगत साचतो. दोन खेपांमध्ये खिडकी-दार उघडं ठेवून निदान दोन मिनिटं जाऊ द्या. गॅसचा वास येत असेल तर तपासणीही नको; रेग्युलेटर बंद, विजेच्या बटणांना हात नाही, आणि आधी हवा खेळू द्या.

आता मूळ दोषाकडे. सर्किट गेलंय की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण एवढं नक्की सांगतो की 'कधी पेटतो, कधी नाही' या तक्रारीत सर्किट हा माझ्या यादीतला शेवटचा भाग असतो. गेलेलं सर्किट बहुतेक वेळा पूर्ण जातं. ते सकाळ-संध्याकाळ बघून काम करत नाही. सकाळी अडणारं आणि संध्याकाळी चालणारं यंत्र थंडावा, ओल, पाण्याचा दाब किंवा गॅसचा दाब यांपैकी कशाकडे तरी बोट दाखवत असतं. भाग बदलत बसण्यापेक्षा यंत्र कुठल्या पायरीवर अडतं ते बघितलं, तर दोष बहुतेक वेळा अर्ध्या तासात सापडतो.

त्यासाठी नळ उघडल्यावर आत काय घडतं ते एकदा समजून घ्या. पाणी वाहू लागलं की खालच्या पितळी भागातला रबरी पडदा, ज्याला आम्ही डायफ्राम म्हणतो, दाबातल्या फरकाने एका बाजूला सरकतो. त्याला टेकलेली बारीक दांडी पुढे ढकलली जाते. ती दांडी गॅसच्या वाटेतली एक झडप उघडते आणि त्याच हालचालीत मायक्रो स्विच पालटते. स्विच पालटला की सेलची वीज सर्किटला मिळते. सर्किट ठिणग्या पाडायला लागतं, तीच तुमची टिकटिक. त्याच वेळी ते सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी गॅसची दुसरी झडप, ओढून उघडतं. गॅस बर्नरवर येतो, ठिणगीने पेटतो. ज्योतीत आणखी एक दांडी असते, ती सेन्सर. ज्योत आहे असं तिच्यामार्फत कळलं की सर्किट ठिणग्या थांबवतं आणि सोलेनॉइड उघडा धरून ठेवतं. ठरावीक सेकंदांत ज्योत कळली नाही तर गॅस बंद करून ते गप्प बसतं, नळ बंद करून पुन्हा उघडेपर्यंत.

म्हणजे बघायचं एवढंच: टिकटिक सुरू होते का, टिकटिक होत असताना ज्योत येते का, आणि आलेली ज्योत टिकते का. टिकटिकच नसेल तर दोष पाणी, स्विच किंवा सेल इथे. टिकटिक आहे पण ज्योत नाही, तर ठिणगी किंवा गॅस. ज्योत येऊन विझते, तर सेन्सर, गॅसचा दाब, काठावरचा पाण्याचा प्रवाह किंवा हवा. तुमच्याकडे दुसरा आणि तिसरा असे दोन्ही प्रकार दिसतात. दोन-तीन सकाळी एका कागदावर टिपून ठेवा: किती वाजता, टिकटिक कितव्या सेकंदाला सुरू झाली, सोलेनॉइडचा 'टक्' आवाज आला का, बर्नरवर गॅस आल्याची बारीक 'सूं' ऐकू आली का, ज्योतीचा रंग कसा होता. हा कागद हातात आला तर कुठल्याही चांगल्या मेकॅनिकचं अर्धं काम होतं.

सेलपासून धरतो. दोनदा बदललेत तरी सेल निर्दोष आहेत असं मी मानत नाही. या गीझरमध्ये दोन मोठे सेल एकामागे एक बसतात, १.५ व्होल्टचे दोन, मिळून ३ व्होल्ट. सेल बाहेर काढून मल्टिमीटरने मोजले की १.५ दिसतं आणि आपण समाधानाने परत घालतो. पण तेव्हा त्यांच्यावर काहीच भार नसतो. ठिणगी पाडायला आणि त्याहून जास्त म्हणजे सोलेनॉइड ओढायला एकदम मोठा प्रवाह लागतो, आणि साधे, स्वस्त झिंक-कार्बन सेल त्या क्षणी दाब टाकून देतात. थंडीत आणखी जास्त. म्हणून व्होल्ट मोजायचे ते सेल जागेवर असताना, टिकटिक चालू असताना, दोन्ही सेलच्या एकत्रित टोकांवर. आकडा २.५ च्या खाली घसरत असेल तर मी ते सेल ठेवत नाही. सेल घ्यायचे ते अल्कलाइन, दोन्ही एकाच वेळी नवे. रिचार्जेबल सेल घालू नका. ते मुळात १.२ व्होल्टचे, दोघांचे मिळून २.४ च होतात, म्हणजे सुरुवातच पडत्या बाजूने.

इथे एक फसवी गोष्ट आहे. सेल अर्धवट उतरले असले तरी टिकटिक जोरात ऐकू येते, कारण ठिणगीला सोलेनॉइडपेक्षा कमी ताकद लागते. टिकटिक ऐकून सगळे म्हणतात, 'सेल चांगले आहेत, सर्किट खराब.' प्रत्यक्षात सोलेनॉइड ओढलाच जात नसतो. टिकटिक आहे, पण 'टक्' नाही आणि 'सूं' नाही, असं झालं की आधी सेल आणि त्यांची डबी बघा.

डबी म्हणतो ते मुद्दाम. बाथरूमच्या आसपासच्या ओलाव्याने डबीतली स्प्रिंग आणि पत्र्या गंजतात. एखादा जुना सेल कधी तरी पाझरलेला असतो, त्याची पांढरी किंवा हिरवट पूड स्प्रिंगच्या तळाशी बसते आणि वरून दिसत नाही. नवे सेल त्याच गंजावर बसवले की आठवडाभर बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. सेल काढा, बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगचं बूड बघा. पूड दिसली तर कापसाच्या बोळ्याला किंचित व्हिनेगर लावून पुसा, मग किंचित ओल्या फडक्याने, मग पूर्ण कोरडं करा, आणि झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पत्री चमकेपर्यंत घासा. डबीतून निघणाऱ्या वायरच्या खाचा हाताने हलवून बघा. सैल असेल तर तिथेच तुमचं 'कधी होतं, कधी नाही' असू शकतं.

आता ठिणगी. तुमची सकाळची तक्रार वाचून माझं मन सगळ्यात जास्त इथेच जातं. ठिणगीची दांडी पांढऱ्या चिनी मातीच्या नळीत बसवलेली असते. ठिणगीचा दाब हजारो व्होल्टचा असतो, आणि इतक्या दाबाची वीज सोपी वाट शोधते. चिनी मातीला केसाएवढी चीर असेल, किंवा वायरच्या रबराला भेग असेल, तर कोरड्या हवेत ठिणगी नीट बर्नरवर पडते. रात्रभर ओल धरली की तीच वीज चिरेतून पत्र्यात जाते. टिकटिक तशीच ऐकू येते, कदाचित जास्तच जोरात, पण बर्नरपाशी ठिणगी नसते. मग दोन-तीन खेपांत चीर जराशी वाळते आणि गीझर पेटतो. संध्याकाळपर्यंत यंत्र एकदा तापून गेलेलं असतं, म्हणून संध्याकाळी तक्रार नाही.

हे बघायची रीत सोपी आहे. गॅसचा रेग्युलेटर पूर्ण बंद करा. खात्री करा की वास नाही. पहाटे, गीझर अजून थंड असताना, दिवा घालवा आणि कुणाला तरी नळ उघडायला सांगा. गॅस नसल्याने नुसती टिकटिक होईल. समोरचं झाकण काढता येत असेल तर काढून, नाहीतर खिडकीतून, अंधारात बघा. चांगली ठिणगी निळसर-पांढरी, ठसठशीत, दांडीच्या टोकापासून सरळ बर्नरवर. एकदा एका घरी असंच बघत उभा होतो. टिकटिक अगदी खणखणीत होती. बर्नरपाशी काळोख. आणि चिनी मातीच्या नळीवर, टोकापासून बोटभर मागे, एक बारीक जांभळा धागा प्रत्येक टिकीसरशी चमकून पत्र्यात शिरत होता. उजेडात ती नळी मी आधी दोनदा हातात घेऊन बघितली होती, चीर दिसली नव्हती. त्या घरी त्याआधी सर्किट बदलून झालं होतं. शेवटी फक्त इलेक्ट्रोड, म्हणजे ही ठिणगीची दांडी, बदलला.

टिकटिक चालू असताना वायरला किंवा दांडीला हात लावू नका, झटका चांगलाच बसतो. दांडीचं टोक आणि बर्नर यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर बहुतेक यंत्रांना चालतं. नेमका आकडा तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो. अंतर वाढलं तर ठिणगी उडत नाही किंवा अधूनमधून उडते. फार कमी झालं तर इवलीशी ठिणगी पडते आणि गॅस-हवेच्या मिश्रणापर्यंत पोचत नाही. साफसफाई करताना कुणी दांडी वाकवली असेल तर 'भप्प' आवाजाचं कारणही तेच असू शकतं: ठिणगी अशा जागी पडते जिथे गॅस शेवटी पोचतो.

'भप्प'चं दुसरं नेहमीचं कारण बर्नर. बर्नरच्या खालच्या तोंडातून हवा आत ओढली जाते, आणि नेमक्या त्या तोंडात कोळी जाळं करतो. पावसाळ्यानंतर किंवा गीझर दोन-तीन महिने बंद राहिल्यावर हे हमखास सापडतं. जाळं, धूळ, कपड्यांचे तंतू अडकले की हवा कमी पडते, काही फटींतून गॅस येतो, काहींतून येत नाही, आणि ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला उडी मारत जाते. ज्योत पिवळी दिसायला लागते. बर्नरच्या वर पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पातळ पत्र्यांवर काजळी बसते, काजळीने धूर अडतो, धूर अडला की ज्योत आणखी पिवळी. एकदा सुरू झालं की वाढतच जातं. निरोगी ज्योत निळी, आखूड आणि सगळ्या बर्नरवर एकसारखी असते. बर्नर काढून धुणं हे मेकॅनिकचं काम आहे, तुम्ही करू नका. परत बसवताना गॅसचा सांधा नीट बसला नाही तर मूळ दोषापेक्षा मोठं संकट होतं. काम झाल्यावर प्रत्येक सांध्यावर त्याने साबणाचं पाणी लावून दाखवलं पाहिजे. काडी पेटवून लिकेज बघणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका.

आता तुमच्या दुसऱ्या लक्षणाकडे, पेटतो आणि आठ-दहा सेकंदांत विझतो.

ज्योतीतून वीज वाहते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे सेन्सरच्या दांडीपासून ज्योतीमार्गे बर्नरपर्यंत अगदी क्षीण प्रवाह जातो, मायक्रोअँपियरमध्ये मोजावा लागणारा. मायक्रोअँपियर म्हणजे अँपियरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा प्रवाहावर सर्किट ठरवतं की ज्योत आहे. म्हणून दांडीवर बसलेला पांढरट-करडा थर, जो आपल्याला क्षुल्लक वाटतो, तो हा प्रवाह अडवायला पुरेसा ठरतो. ज्योत डोळ्यांना दिसतेय, सर्किटला दिसत नाही. ते आपला ठरलेला वेळ थांबतं आणि गॅस बंद करतं. खूण अशी की ज्योत आल्यावरही टिकटिक चालूच राहते आणि मग 'टक्' होऊन सगळं बंद. टिकटिक आधीच थांबली आणि नंतर ज्योत विझली, तर कारण दुसरीकडे शोधा. हा एक फरक लक्ष देऊन ऐकलात तर पुष्कळ वेळ वाचेल.

सेन्सर साफ करणं तुम्हाला जमेल. रेग्युलेटर बंद, सेल बाहेर, यंत्र थंड. दांडी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, चमक आली की थांबा. कोरड्या फडक्याने पुसा. वाकवू नका, दांडीचं टोक ज्योतीच्या अंगात राहायला हवं, ज्योतीच्या वर किंवा बाजूला नाही. वायरची टोपी दांडीवर घट्ट बसते का ते बघा.

दांडी साफ केल्यावरही तेच होत असेल तर माझी एक आवडती जागा आहे, आणि ती फार कमी लोक तपासतात. प्रवाह दांडीतून ज्योतीत जातो हे खरं, पण त्याला बर्नरच्या अंगातून सर्किटपर्यंत परतही यावं लागतं. त्यासाठी सर्किटची एक वायर बर्नरच्या पत्र्याला किंवा यंत्राच्या बॉडीला स्क्रूने लावलेली असते. तिथे गंज चढला की परतीची वाट बंद. एका घरी एका वर्षात सेन्सर, सर्किट आणि सोलेनॉइड तिन्ही बदलून झाले होते, आणि बाईंनी मला सांगितलं, आता नवा गीझरच घेते. मी तो अर्थिंगचा स्क्रू सोडला. वायरच्या टोकावरची गोल पत्री वरून स्वच्छ, आणि खाली, जिथे ती पत्र्याला टेकते, तिथे तपकिरी गंजाची चकती, नाण्यासारखी गोल. पत्री आणि पत्रा दोन्ही घासले, स्क्रू आवळला. त्या दिवसापासून तो गीझर पहिल्या खेपेला पेटतो. बदललेले तिन्ही जुने भाग चांगलेच असणार, असं मला आजही वाटतं, आणि त्या घराचा झालेला खर्च आठवला की वाईट वाटतं.

टिकटिक थांबून मग ज्योत विझत असेल तर गॅसचा दाब आणि पाण्याचा प्रवाह बघायचा.

गॅसबद्दल एक चुकीचं अनुमान जवळजवळ प्रत्येक घरी ऐकतो: 'शेगडी झकास पेटते, म्हणजे गॅस भरपूर आहे.' हिशोब करून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर पाण्यालाच साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. धुराबरोबर जाणारी उष्णता धरली की बर्नरला १२ किलोवॉटच्या आसपास द्यावी लागते. एलपीजीच्या भाषेत तासाला जवळजवळ १ किलो. शेगडीचा एक बर्नर साधारण २ किलोवॉटचा. म्हणजे गीझर एकटाच सहा बर्नरइतका गॅस ओढतो. शेगडीला पुरणारा रेग्युलेटर, नळी किंवा संपत आलेला सिलिंडर गीझरला पुरेलच असं नाही. एकाच सिलिंडरवर शेगडी आणि गीझर असतील तर शेगडी बारीक ठेवून गीझर लावा: त्या क्षणी शेगडीची ज्योत खाली बसली तर वाटेत कुठेतरी गॅस अडतोय.

सकाळचा संबंध इथेही आहे. सिलिंडरमध्ये एलपीजी द्रवरूपात असतो आणि वापरताना त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती सिलिंडरच्या पत्र्यातून, आजूबाजूच्या हवेतून येते. एलपीजीत प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. प्रोपेन आधी उडून जातो, ब्युटेन मागे राहतो. म्हणून थंड सकाळ आणि तळाला गेलेला सिलिंडर एकत्र आले की दाब पडतो. सिलिंडरच्या खालच्या भागावर दव धरलेलं किंवा हाताला बर्फासारखं लागलं तर हीच गोष्ट समजा. यावर उपाय भरलेला सिलिंडर लावणं, एवढाच. सिलिंडर आडवा करणं, त्यावर गरम पाणी ओतणं, उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवणं, यांपैकी काहीही करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये जातो आणि बर्नरवर भडका होतो.

दाब प्रत्यक्ष मोजायचा तर मेकॅनिककडे मॅनोमीटर हवा. गीझर चालू असताना मोजावा, बंद असताना नाही. अडथळा वाहत्या गॅसमध्येच दिसतो. अपेक्षित आकडा यंत्राच्या पाटीवर लिहिलेला असतो, एलपीजीसाठी साधारण ३० मिलिबारच्या आसपास. नैसर्गिक वायूचा दाब आणि जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक छिद्र, दोन्ही वेगळे, तेव्हा पाईपलाईनचा गॅस घेतलेल्या घरात सिलिंडरसाठीचा गीझर नुसती नळी बदलून चालवायचा नसतो. नवा सिलिंडर लावल्यानंतर मात्र पहिल्या एक-दोन खेपा फसल्या तर काळजी नको. नळीत हवा असते.

पाण्याचं लवकर सांगतो, कारण तुमच्याकडे टिकटिक सुरू होते म्हणजे प्रवाह निदान सुरुवातीला पुरेसा आहे. बहुतेक गीझरना पेटायला मिनिटाला दोन-अडीच लिटर लागतात. एक लिटरचं भांडं गीझरच्या नळाखाली धरा; २५ सेकंदांच्या आत भरलं तर ठीक. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर गीझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी आणि शॉवरची चाळणी क्षारांनी बुजलेली असणार. टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असेल तर दाबही कमीच, १० मीटर उंचीला १ बार असा हिशोब. प्रवाह काठावर असला की डायफ्राम मागे-पुढे होतो आणि मध्येच विझतो. एकच दांडी फिरवून गरम-थंड मिसळणारा नळ असेल तर तपासताना तो पूर्ण गरमच्या बाजूला ठेवा; मध्ये ठेवला की निम्मं पाणी गीझरला वळसा घालून येतं.

पाण्याच्या बाजूची एक खूण मात्र धोक्याची आहे. नळ बंद केल्यावर ज्योत त्या क्षणी विझली पाहिजे. सेकंद-दोन सेकंद रेंगाळत असेल तर दांडी क्षारांनी अडकतेय आणि आत थांबलेलं पाणी उकळतंय. हे दिसलं तर तिथेच वापर बंद.

आणि हवा. पेटून आठ-दहा सेकंदांत विझणं सहसा हवेमुळे नसतं, पण काही मिनिटांनी विझत असेल तर मला पहिली शंका हवेचीच येते. (काही यंत्रं २० मिनिटांनी स्वतःहून बंद होतात, तो दोष नव्हे.) १ किलो एलपीजी जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे आपला ६ लिटरचा गीझर दहा मिनिटांत २ घनमीटर हवेतला प्राणवायू संपवतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, २.४ मीटर उंच बाथरूममध्ये एकूण हवा ७.२ घनमीटर. बंद दाराआड दहा मिनिटांची आंघोळ, आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त हवा वापरून झाली. त्याच्या कितीतरी आधी ज्योत नीट जळेनाशी होते आणि कार्बन मोनॉक्साइड व्हायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून जास्त पट ओढीने चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं, आणि माणूस दाराची कडी काढायच्या आधी खाली पडतो. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गीझर बाथरूमच्या आत असेल तर पेटण्याचा दोष सोडवायच्या आधी तो बाहेर मोकळ्या हवेत हलवा. आत प्राणवायू कमी झाल्यावर गॅस तोडणारा सेन्सर तुमच्या यंत्रात असेल आणि तोच ते बंद करत असेल, तर त्या सेन्सरला वगळून वायर थेट जोडून 'दुरुस्त' करून देणाऱ्याला परत पाठवा. अशी जोडलेली वायर मी माझ्या हाताने दोन घरांतून काढली आहे. दोन्ही घरांत लहान मुलं होती.

तुमच्या बाबतीत मी स्वतः आलो असतो तर असा गेलो असतो: पहाटे, थंड यंत्रावर, गॅस बंद ठेवून अंधारात ठिणगी बघितली असती. मग टिकटिक चालू असताना सेलचे व्होल्ट. मग सेन्सरची दांडी आणि अर्थिंगचा स्क्रू. तिन्ही नीट असतील तर बर्नर उतरवून कोळ्याचं जाळं, आणि शेवटी चालू गीझरवर गॅसचा दाब. ठिणगीच्या दांडीला चीर सापडली तर तुमची टिकटिक आणि 'भप्प' दोन्ही तिथेच सुटतील. पेटून विझण्याचं कारण बहुधा सेन्सर किंवा त्याची परतीची वायर. पाच वर्षांच्या यंत्रात दोन छोटे दोष एकाच वेळी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि एक दुरुस्त करून दुसरा राहिला की सगळे म्हणतात, काहीच फरक पडला नाही. मेकॅनिकला सर्किट बदलायचंच असेल तर आधी हे पाच मुद्दे तुमच्यासमोर तपासायला सांगा.

काम झालं की लगेच हो म्हणून सही करू नका. दुपारी, तापलेल्या यंत्रावर ते पेटणारच. त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे बोलावता आलं तर उत्तम, नाहीतर तुम्ही स्वतः करा: रात्रभर बंद असलेल्या गीझरवर, खिडकी उघडी ठेवून, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने दहा वेळा नळ उघडा. दहाच्या दहा वेळा, टिकटिक सुरू झाल्यापासून एक-दोन सेकंदांत, आवाज न करता निळी ज्योत यायला हवी, टिकटिक लगेच थांबायला हवी आणि नळ बंद करताच ज्योत जायला हवी. दहापैकी एकदाही चुकलं, तर कितव्या खेपेला आणि कुठल्या पायरीवर चुकलं ते त्याच कागदावर लिहा आणि मला कळवा.